‘चांगली बस आली तर वापरू’ म्हणणारे लोक बसमध्ये का दिसत नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार-पाच लाख वस्तीचं शहर आणि त्याला लागून वाढलेली उपनगरं, असा एक परिसर. तिथे लोकांच्या प्रवासाचं सर्वेक्षण झालं. ‘बससेवा सुधारली तर नक्की वापरू’ असं बहुतेकांनी सांगितलं. त्या भरवशावर नव्या बस घेतल्या, थांबे नीट केले. दीड वर्ष झालं, बस अर्ध्या रिकाम्या धावतात आणि रस्त्यावरची खासगी वाहनं आहेत तेवढीच आहेत. लोक खोटं बोलले का? आणि कशाने जायचं हे लोक मुळात ठरवतात तरी कसं?

लोक खोटं बोललेले नाहीत. त्यांना जे विचारलं, त्याचं खरं उत्तर त्यांच्यापाशी नव्हतंच. प्रवासाची सर्वेक्षणं आणि बसमार्गांची आखणी यांत माझी बरीच वर्षं गेली. त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. आज कुठल्या वाहनाने जायचं, हा प्रश्न रोज सकाळी कुणाला पडतच नाही. माणसाला दिवस पार पाडायचा असतो. वाहन त्या दिवसाच्या मापाने ठरतं, आणि बहुतेकदा ते कित्येक महिन्यांपूर्वीच ठरून गेलेलं असतं.

आधी सर्वेक्षणाबद्दल. ‘बस सुधारली तर वापराल का?’ याला ‘हो’ म्हणायला काहीच मोजावं लागत नाही. बस सुधारावी असं सगळ्यांनाच मनापासून वाटतं. कित्येकांना ती आपल्या मुलांसाठी, आईवडिलांसाठी किंवा घरकामाला येणाऱ्या बाईंसाठी हवी असते, आणि तेही ‘हो’च लिहितात. म्हणून आमच्या कामात मत विचारण्यापेक्षा ‘काल काय केलंत’ हे विचारण्यावर भर असतो. या पद्धतीचं बळ पहिल्यांदा ठळकपणे दिसलं ते सॅन फ्रान्सिस्को परिसरात. तिथे बार्ट ही रेल्वे १९७२ मध्ये सुरू झाली. ती सुरू होण्याआधी डॅनियल मॅकफॅडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोकरदार माणसं कशी जातात, घराच्या दारापासून कामाच्या दारापर्यंत त्यांना किती वेळ आणि किती पैसा लागतो, याची माणसागणिक माहिती जमवली. कामाच्या प्रवासात बार्टचा वाटा १५ टक्के असेल असा अधिकृत अंदाज होता. मॅकफॅडन यांचा अंदाज ६.३ टक्के निघाला आणि प्रत्यक्षात तो ६.२ टक्के भरला. निवडीच्या या अभ्यासासाठी त्यांना २००० साली अर्थशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांच्या हिशोबातली एक चूक मात्र तुम्ही जरूर लक्षात ठेवा: स्थानकापर्यंत चालत जायची लोकांची तयारी त्यांनी प्रत्यक्षाहून बरीच जास्त धरली होती.

‘काल काय केलंत’ हेही नीट विचारावं लागतं. एकदा आम्ही घरोघरी आदल्या दिवसाची प्रवास-डायरी भरून घेत होतो. एका घरातल्या बाई म्हणाल्या, “मी काल कुठेच गेले नाही.” फॉर्मवर शून्य लिहून पुढच्या घरी जायचं, एवढंच काम होतं. पण माझ्याबरोबरची मुलगी नवी होती. तिने सहज विचारलं, “मग मुलाला शाळेत कोण घेऊन गेलं?” त्याच गेल्या होत्या, चालत. येताना औषधांच्या दुकानात थांबल्या आणि मग घरी आल्या. दुपारी पुन्हा शाळा, पुन्हा घर. संध्याकाळी सासऱ्यांना भाड्याच्या गाडीने दवाखान्यात नेलं आणि परत आणलं. सात फेऱ्या झाल्या. त्यांच्या यजमानांच्या रकान्यात दोनच होत्या: घर ते ऑफिस, ऑफिस ते घर. त्या मुलीने विचारलं नसतं तर आमच्या तक्त्यात त्या घराच्या दोनच फेऱ्या गेल्या असत्या आणि बसमार्ग त्या दोनांवरच आखला गेला असता.

अशा प्रवासाला स्पेनमधल्या इनेस सांचेझ दे मादारियागा यांनी ‘मोबिलिटी ऑफ केअर’ असं नाव दिलं आहे. मुलं, म्हातारी माणसं आणि घर सांभाळण्यासाठी केलेला हा प्रवास. तो जुन्या पद्धतीत ‘खरेदी’, ‘सोबत’, ‘इतर’ अशा वेगवेगळ्या रकान्यांत विखुरला जातो आणि म्हणून कुठेच मोठा दिसत नाही. चालत केलेल्या लहान फेऱ्या तर लोक स्वतःच विसरतात. सांगितलेली डायरी आणि जीपीएसची नोंद शेजारी ठेवली की हे हमखास दिसतं. तुमच्या सर्वेक्षणात घरातल्या एकाच माणसाने सगळ्यांच्या वतीने उत्तरं दिली असतील, तर आकडे हाती घेण्याआधी तेवढं तपासाच.

या सात फेऱ्यांमध्ये आणखी एक गोष्ट आहे. फेऱ्या सुट्या नसतात, त्यांची साखळी असते. घरातून गाडी न घेता निघालात तर दुपारी ती हाताशी नसते. घेऊन निघालात तर ती संध्याकाळी परत आणावी लागते. म्हणजे सकाळच्या फेरीचा निर्णय संध्याकाळच्या फेरीकडे बघून होतो. घर, शाळा, ऑफिस, क्लास, घर अशा साखळीत तीन टप्पे बसने सोयीचे असतील आणि चौथ्याला रात्री साडेआठनंतर बस नसेल, तर माणूस सकाळीच किल्ली उचलतो. सर्वांत अडचणीचा टप्पा सगळी साखळी ठरवतो. तुमच्याकडे सकाळच्या गर्दीच्या वेळी बस वाढवल्या, पण शेवटची बस होती त्याच वेळेला राहिली, असं तुम्ही लिहिलं आहे. मला वाटतं तुमच्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. १९५०च्या दशकात डेट्रॉइट आणि शिकागोच्या मोठ्या अभ्यासांतून नियोजनाची जी पद्धत घडली, तिच्यात प्रत्येक फेरी सुटी मोजली जायची. आपल्याकडच्या कित्येक तक्त्यांचा साचा अजून तोच आहे.

आता वेळेचा हिशोब. पाच किलोमीटरची एक फेरी घ्या. आकडे मी उदाहरणादाखल धरतो, तुम्ही तुमचे घालून बघा. बसने जायचं तर थांब्यापर्यंत ६ मिनिटं चालणं. दर २४ मिनिटांनी बस असेल तर सरासरी १२ मिनिटं वाट पाहणं. २० मिनिटं बसमध्ये. उतरून ५ मिनिटं चालणं. एकूण ४३. स्वतःच्या दुचाकीने गाडी काढायला २, रस्त्यात १४, लावून आत जायला २. एकूण १८. फरक २५ मिनिटांचा दिसतो, पण माणसाला तो त्याहून बराच मोठा वाटतो. चालण्याचं आणि थांब्यावर ताटकळण्याचं एक मिनिट वाहनात बसलेल्या मिनिटाच्या दीडपट ते दुप्पट जड जातं, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. दुप्पट धरा. बसची ४३ मिनिटं मनात ६६ होतात, दुचाकीची १८ फार तर २२.

आता सुधारणा दोन प्रकारे करून पाहू. बस वेगाने धावू लागली आणि आतली २० मिनिटं १५ वर आली, तर ६६चे ६१ होतात. बस तेवढ्याच वेगाने, पण दर १० मिनिटांनी सोडली, तर वाट पाहणं १२ वरून ५ वर येतं आणि ६६चे ५२ होतात. नव्या बस आणल्या, थांबे रंगवले, पण दोन बसमधलं अंतर तेच ठेवलं, तर ६६ हे जवळपास ६६च राहतात. छप्पर, बाक आणि पुढची बस किती मिनिटांत येईल हे सांगणारा फलक यांनी ताटकळणं थोडं सुसह्य होतं, हे मी नाकारत नाही. उन्हापावसात उभ्या माणसाला छप्पर मिळायलाच हवं. पण २४ मिनिटांचं अंतर त्याने मिटत नाही. साधारण दहा मिनिटांच्या आत बस यायला लागली की लोक वेळापत्रक न बघता घरातून निघतात, आणि बसकडे बघण्याची त्यांची नजरच बदलते.

सरासरीवरही फार विसंबू नका. एकदा सकाळी मी एका थांब्यासमोर वही घेऊन बसलो होतो. तिथे बस दर बारा मिनिटांनी असल्याचं वेळापत्रकात लिहिलं होतं. पाठीवर सॅक असलेला एक मुलगा आला. पहिली पाच मिनिटं तो शांत उभा होता. मग रस्त्याच्या वळणाकडे मान वळवून बघायला लागला, आधी मिनिटामिनिटाने, मग सारखाच. अकराव्या मिनिटाला त्याने फोन लावला. चौदाव्या मिनिटाला ओळखीचा कुणी दुचाकीवर आला आणि त्याच्या मागे बसून तो गेला. सोळाव्या मिनिटाला बस आली, खच्चून भरलेली. तिच्यामागे तीन मिनिटांनी दुसरी आली, जवळजवळ रिकामी. बसला जरा उशीर झाला की पुढच्या थांब्यांवर जास्त माणसं साठतात, त्यांना चढायला वेळ लागतो, उशीर आणखी वाढतो आणि मागची बस तिला येऊन गाठते. तासाला पाच बस गेल्या, म्हणून कागदावर सगळं बरोबर होतं. पण त्या मुलाने उद्याचा निर्णय त्या चौदा मिनिटांवरून घेतला असणार. माणूस सरासरी दिवसाचा विचार करत नाही, महिन्यातल्या सर्वांत वाईट दिवसाचा करतो, कारण बोलणी त्या दिवसाची खावी लागतात.

इथे एक चक्र असतं. अर्थतज्ज्ञ हर्बर्ट मोहरिंग यांनी १९७२ मध्ये ते मांडलं: प्रवासी वाढले की बस वाढवता येतात, बस वाढल्या की प्रत्येकाचं ताटकळणं कमी होतं, त्यातून आणखी प्रवासी येतात. हेच चक्र उलटंही फिरतं. मध्यम परिसरांमध्ये ते उलटंच फिरताना मी जास्त पाहिलं आहे. दोन फेऱ्या कमी केल्या, प्रवासी गळले, म्हणून आणखी दोन कमी केल्या.

आता एक कटू गोष्ट. सुधारलेल्या बसची ५२ मिनिटं सुद्धा दुचाकीच्या २२ पुढे हरतात. म्हणजे निव्वळ बस सुधारून सगळे लोक येणार नाहीत, आणि मध्यम आकाराच्या परिसराची खरी अडचण हीच आहे. महानगरात रस्ता दिवसभर तुंबलेला असतो, गाडी लावायला जागा नसते आणि रेल्वेचा मार्ग वेगळा असतो, म्हणून खासगी वाहन आपोआप मागे पडतं. लहान गावात माणूस चालतच जातो. मध्यम परिसरात रस्ता सकाळ-संध्याकाळ तासभर तुंबतो, एरवी मोकळा असतो, आणि गाडी दाराशी लावता येते. बसच्या बाजूने काहीच नसतं. म्हणून गाडी लावण्याच्या जागेचा विषय टाळून चालत नाही. अमेरिकेतले नियोजनतज्ज्ञ डोनाल्ड शूप यांनी आयुष्यभर हाच विषय लावून धरला. कॅलिफोर्नियात १९९२ मध्ये एक कायदा झाला: कंपनी कर्मचाऱ्याला पार्किंगची भाड्याची जागा फुकट देत असेल, तर ज्याला जागा नको त्याला तेवढी रक्कम रोख द्यायची. शूप यांनी अशा आठ कंपन्या अभ्यासल्या. एकट्याने मोटार चालवत येणाऱ्यांचा वाटा ७६ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर आला. बस तीच होती आणि रस्ताही तोच. फुकट वाटणाऱ्या जागेला किंमत असते, एवढंच लोकांना दिसलं. तुमच्या परिसरातल्या मोठ्या कार्यालयांशी आणि रुग्णालयांशी या एका मुद्द्यावर बोलून बघा. ज्याच्याकडे गाडीच नाही, त्याच्यावरचा अन्यायही यातून थोडा कमी होतो.

रस्ता रुंद करण्याची मागणी तुमच्याकडे होणारच. अमेरिकेतल्या महानगर क्षेत्रांवरचा गिल्स ड्युरांटन आणि मॅथ्यू टर्नर यांचा २०११चा अभ्यास सांगतो की मोठ्या रस्त्यांची लांबी जितकी वाढते, जवळपास त्याच प्रमाणात त्यांच्यावर वाहनांनी कापलेलं अंतरही वाढतं. वाहतुकीचे अभ्यासक याकोव्ह झहावी यांनी १९७०च्या दशकात दाखवलं होतं की लोक सरासरी दिवसाला तास-सव्वा तास प्रवासाला देतात आणि वेगाने फायदा झाला की तो अंतरात खर्च करतात. बाह्यवळण रस्ता झाला की दोन-चार वर्षांत त्याच्या पलीकडे वसाहती उभ्या राहतात. तिथल्या घरांत पहिल्या दिवसापासून दोन गाड्या असतात, कारण तिथे दुसरा पर्याय कुणी ठेवलेलाच नसतो.

भाड्याबद्दल थोडक्यात. एस्टोनियाची राजधानी तालिनमध्ये रहिवाशांसाठी २०१३ पासून प्रवास मोफत झाला. प्रवासी वाढले, पण त्यांतले बरेच जण पूर्वी चालत जाणारे होते. मोटारींवर परिणाम बेताचाच झाला. फ्रान्समध्ये सुमारे दोन लाख वस्तीच्या डंकर्क परिसरात सप्टेंबर २०१८ पासून बस मोफत आहे आणि तिथे प्रवासी खूप वाढले. मात्र तिथे त्याच सुमारास सगळं जाळंच नव्याने आखलं होतं, मुख्य मार्गांवर दर दहा मिनिटांनी बस ठेवली होती. गरीब प्रवाशासाठी भाडं कमी असायलाच हवं. पण ज्याच्या खिशात गाडीची किल्ली आहे, त्याला तिकिटाचे वाचलेले पैसे क्वचितच थांब्यावर आणतात.

पाच किलोमीटरच्या फेरीचं काय करायचं, याचं बसखेरीज आणखी एक उत्तर आहे, आणि मध्यम परिसरात मला ते जास्त मोलाचं वाटतं. एवढं अंतर सायकलवर वीस मिनिटांचं आहे, आणि सायकलीची वाट पाहावी लागत नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनने १९७७ मध्ये शहराच्या मध्यभागाचे चार विभाग केले. मोटारीला एका विभागातून दुसऱ्यात थेट जाता येईना; बाहेरच्या रिंगरोडवर जाऊन वळसा घालावा लागे. सायकल आणि पायी माणूस मात्र सरळ जाऊ शकत. बेल्जियमच्या गेंटने एप्रिल २०१७ मध्ये अशीच योजना आणली. वेळेचा जो हिशोब आपण वर केला, तोच त्यांनी रस्त्याच्या रचनेतून उलटवला. स्पेनमधल्या सेव्हिलमध्ये सायकल जवळपास नामशेष होती. तिथे २००६ नंतर थोड्याच वर्षांत वाहनांपासून वेगळे आणि मुख्य म्हणजे एकमेकांना जोडलेले मार्ग एका दमात बांधले गेले आणि सायकलस्वार कित्येक पटींनी वाढले. वर्षाला दोन किलोमीटरचा तुकडा इथे आणि दोनचा तिथे केला असता तर हे झालं नसतं. अर्धवट मार्ग जिथे संपतो त्या चौकाला घाबरूनच लोक, विशेषतः मुलांचे आईवडील, सायकल काढत नाहीत.

राहिली सवय. रोजची फेरी माणूस विचार न करता करतो, म्हणून नवी बस आली तरी तिच्याकडे त्याचं लक्षच जात नाही. लंडनमध्ये फेब्रुवारी २०१४ मध्ये भुयारी रेल्वेचा दोन दिवसांचा संप झाला, काही स्थानकं बंद राहिली आणि लोकांना दुसरे मार्ग धरावे लागले. प्रवास-कार्डांच्या नोंदी तपासल्यावर दिसलं की संप मिटल्यावर सुमारे ५ टक्के नोकरदार जुन्या मार्गावर परतलेच नाहीत. रोज त्याच शहरात फिरणाऱ्या माणसांना अधिक सोयीची वाट तोवर सापडली नव्हती. स्टॉकहोममध्ये २००६ साली जानेवारीपासून सात महिने शहरात येणाऱ्या मोटारींवर शुल्क लावून पाहिलं. सीमेवरून जाणारी वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली. नंतर लोकांना विचारलं, तर आपण प्रवास बदलला याची त्यांतल्या बहुतेकांना जाणीवच नव्हती. कुणाची एखादी फेरी कमी झाली होती, कुणाच्या दोन कामांची एक फेरी झाली होती. ‘तुम्ही असं का जाता?’ या प्रश्नाच्या उत्तरावर मी फार विसंबत नाही, ते याच कारणाने.

सवय सैल होते ती घर बदललं, नोकरी बदलली, मूल शाळेत जायला लागलं किंवा जुनी गाडी मोडीत निघाली की. तेवढे काही आठवडे माणूस खरोखर निवड करत असतो. दुसरी गाडी एकदा दारात आली की तिचे हप्ते भरून झालेले असोत वा नसोत, रोजच्या हिशोबात फक्त पेट्रोल धरलं जातं, आणि मग बसचं तिकीट महाग वाटतं.

तुमच्या जागी मी असतो तर हे केलं असतं. आहे त्या बस सगळ्या परिसरावर पातळ पसरवण्याऐवजी दोन मार्ग निवडायचे: जे शाळा, रुग्णालय, बाजार आणि कार्यालयं जोडतात आणि जिथे गाडी लावायला त्रास होतो असे. तिथे सकाळी सहापासून रात्री साडेदहापर्यंत दर दहा मिनिटांनी बस सोडायची, दुपारी आणि रविवारीसुद्धा. दोन बस एकमेकींना गाठणार नाहीत यासाठी टोकाला थोडा राखीव वेळ ठेवायचा आणि वाटेत अंतर सांभाळणारा माणूस नेमायचा. त्याच रस्त्यावर वेगळ्या रंगाची, वेगळ्या नावाची जादा सेवा सुरू करू नका. ती मोटारीतल्या माणसाला क्वचितच ओढते, जुन्या बसचेच प्रवासी वाटून घेते.

इतर भागांतल्या फेऱ्या यासाठी कमी कराव्या लागल्या तर लोक चिडतील, आणि त्यांचं चिडणं रास्त असेल. त्यांच्यापैकी जे पूर्णपणे बसवर अवलंबून आहेत त्यांची यादी आधी करा. वस्तीच्या सभेत स्वतः जाऊन बोला आणि त्यांच्यासाठी दिवसातल्या ठरलेल्या वेळांची खात्रीची सेवा ठेवा.

बदलानंतर तीन महिन्यांत निकाल मागू नका. वर्षभर तरी जाऊ द्या. मग त्या दोन मार्गांपासून चालण्याच्या अंतरावरच्या घरांत पुन्हा प्रवास-डायरी भरून घ्या, घरातल्या प्रत्येक माणसाची वेगळी. त्यात गेल्या वर्षभरात राहायला आलेली घरं वेगळी काढून त्यांचे आकडे आधी बघा. जुन्या रहिवाशांमध्ये बदल दिसायच्या कितीतरी आधी तो तिथे दिसतो.